तळाचं औषध

दुकानदाराच्या काट्याच्या पारड्याखाली शिशाचा एक गोळा चिकटवलेला सापडला. तो नखानं खरवडून काढला आणि आता याला चार शब्द सुनावावेत म्हणून घसा साफ केला, एवढ्यात खिशातला फोन वाजला. ताई होती. "संशोधन केंद्राचं पाकीट आलंय," ती म्हणाली. "ह्यांच्या नावाचं. मी फोडलं नाही अजून. तू ये, मग फोडू. तुझं आलं का?" नाही आलं, मी म्हणालो. इतक्या चटकन म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. माझं पाकीट सकाळीच आलं होतं आणि त्या क्षणी कोटाच्या आतल्या खिशात होतं, न फोडलेलं. दुकानदार समोर हात जोडून उभा होता. "साहेब, आईशप्पथ सांगतो, गोळा मी नाही लावला. काटा घेतला तेव्हापासूनच असणार." एरवी मी अशा माणसाला सोडत नाही. वजनमापे निरीक्षक म्हणून सत्तावीस वर्षं मी काटा मारणाऱ्यांच्या तोंडून हेच वाक्य ऐकत आलोय आणि दर वेळी तितक्याच थंडपणे त्यांच्या काट्याला सील ठोकलंय. आज मात्र तो गोळा त्याच्या तळहातावर ठेवला आणि पायऱ्या उतरलो. कोपऱ्यापर्यंत पोचलो तर तो मागून धापा टाकत आला. माझं पितळी प्रमाणवजन मी त्याच्याच टेबलावर विसरलो होतो. "साहेब, हे तुमचं राहिलं," तो म्हणाला. मला त्याच्याकडे वर बघवेना.

ताईचं घर तिथून चालत अर्ध्या तासावर. बस मिळाली असती, पण मला लवकर पोचायचं नव्हतं. दोन पाकिटं. प्रत्येकात दोनपैकी एक गोष्ट लिहिलेली असणार: तुम्हाला खरं औषध मिळत होतं, किंवा तुम्हाला खोटी पूड मिळत होती. म्हणजे चार शक्यता. दोघांनाही खरं, दोघांनाही खोटं, मला खरं नि भावोजींना खोटं; या तिन्हींत मी सुटत होतो. एकाच शक्यतेत सुटत नव्हतो. चारात तीन म्हणजे काही वाईट नाही, असं मी स्वतःला रस्ताभर सांगत होतो. गोळा आधीपासूनच होता म्हणणारा तो दुकानदार माझ्यापेक्षा बरा, त्यानं निदान हात तरी जोडले होते.

आमचे वडील एकोणपन्नासाव्या वर्षी बुटाची नाडी बांधताना गेले. खाली वाकले ते वर आलेच नाहीत. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्या दिवसापासून मी नाडीचे बूट घातले नाहीत. सत्तेचाळिसावं लागलं तसा मी रोज सकाळी छातीवर हात ठेवून ठोके मोजत पडून राहायला लागलो. बायको म्हणायची, मोजून काय मिळतं, थांबलं तर कळेलच की! तेव्हा कुठंसं वाचलं, की रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरवणारं एक नवं औषध तपासायचंय, मधल्या वयाचे, अजून हृदयाचा आजार न झालेले पुरुष हवे आहेत. मी लगेच नाव दिलं. ताईचंही रक्त माझ्याच बापाचं, पण बायकांना घेत नव्हते. "का? आम्हाला काळीज नाही?" ती म्हणाली होती. एकट्यानं जायची मला भीती वाटत होती, म्हणून भावोजींना सोबत नेलं. ते लिफ्टचे मेकॅनिक. लिफ्ट बंद पडली की बोलावणं यायचं, आणि बंद लिफ्टपर्यंत अवजारांची पिशवी घेऊन जिन्यानंच चढावं लागायचं. छाती भात्यासारखी होती त्यांची. केंद्रात नुसते बसून राहण्यापेक्षा म्हणून त्यांनीही गमतीनं हात पुढे केला, आणि रक्त तपासलं तर त्यांचं कोलेस्टेरॉल माझ्याहून वरचं निघालं. "घ्या! मेहुण्याला पोचवायला आलो आणि स्वतःच भरती झालो," म्हणाले. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं, की निम्म्या लोकांना खरं औषध मिळेल, निम्म्यांना दिसायला-चवीला तशीच पण खोटी पूड मिळेल. कुणाला काय हे तुम्हालाही कळणार नाही आणि आम्हालाही. भावोजी हसले. "म्हणजे डॉक्टर आंधळे, आम्हीही आंधळे. डोळस काय ते डबेच." डॉक्टरांनाही हसू आलं. भावोजींच्या बोलण्याला कुणालाही हसू यायचं, अगदी बंद लिफ्टमध्ये दोन तास अडकलेल्या माणसालासुद्धा.

दर दोन महिन्यांनी आम्ही जोडीनं जायचो. रक्त द्यायचं, उरलेल्या पुड्या परत करायच्या, नवा डबा घ्यायचा. पुड्या घेणाऱ्या-देणाऱ्या नर्सबाईंना भावोजींनी 'पिशवीवाली' नाव ठेवलं होतं. ती उरलेल्या पुड्या एकेक करून मोजून पिशवीत टाकायची, आणि एखादी जास्त उरली तर शाळेतल्या बाईंसारखी चष्म्यावरून बघायची. डब्यावर ज्याचा त्याचा नंबर असायचा. आतल्या पुड्या मात्र सगळ्यांच्या सारख्या, चंदेरी आणि कोऱ्या. डब्याला साधं झाकण. कुणी कुणाची पुडी घेईल हे त्या शहाण्या माणसांच्या डोक्यात आलंच नसावं. केंद्राहून निघालं की जवळच ताईचं घर, तिथं चहा. दिवसाची पहिली पुडी भावोजी तिच्यासमोरच घ्यायचे. पूड पाण्यात विरघळायची नाही. बारीक रेतीसारखी दातांत कचकचायची आणि पेल्याच्या तळाशी जाऊन बसायची. भावोजी वरचं पाणी पिऊन पेला खाली ठेवायचे, की ताई चमचा पुढे करायची. "तळाचं सोडायचं नाही. औषध तळाशीच असतं." मग ते लहान पोरासारखं तोंड करून तळाचा गाळ चमच्यानं खरवडून खायचे. मला वाटायचं, ही आपल्यालाही असा चमचा का देत नाही?

पहिल्याच महिन्यात भावोजींचं पोट अडलं. गरम पाणी झालं, केळी झाली, पहाटेच्या फेऱ्या झाल्या, काही उपयोग नाही. संडासात गेले की वीस-वीस मिनिटं बाहेर येत नसत. "लिफ्ट मधेच अडकलीय," आतून ओरडायचे. "मेकॅनिकला बोलवा." ताई पदराआड हसायची. मी हसायचो, पण माझं पोट मात्र घड्याळासारखं चाललेलं होतं, आणि हळूहळू ते हसू माझ्या घशात अडकायला लागलं. कारण पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, की खऱ्या औषधानं काहींचं पोट अडू शकतं. म्हणजे त्यांना खरं मिळत होतं. मला खोटं. वर्षभर मी हे आतल्या आत उगाळलं. मग एकदा भावोजींची एक पुडी हळूच खिशात घातली आणि ऑफिसात सगळे जेवायला गेल्यावर काचेच्या पेटीतल्या नाजूक काट्यावर आधी माझी पुडी ठेवली, मग त्यांची. त्यांची किंचित जड भरली. केसाएवढा फरक; पण मी अशाच केसाएवढ्या फरकांवर पोट भरणारा माणूस. एकेका पुडीच्या वजनावरून काही ठरवायचं नसतं, हे मी नव्या निरीक्षकांना दर वर्षी शिकवतो. स्वतःला नाही शिकवलं. त्या दुपारी मला खात्री पटली, आणि खात्रीबरोबरच राग आला. भावोजींच्या घरात सगळे नव्वदीला टेकलेले. त्यांच्या आजोबांना तर मरणाचा कंटाळा यायला लागला होता. आणि मी, ज्याचा बाप एकोणपन्नासाव्या वर्षी गेला, मी रोज दोनदा रेती पीत होतो. गरज कुणाला जास्त? असा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि स्वतःच उत्तर दिलं. चोराला निवाडा करायला बसवलं तर आणखी काय होणार!

पुढच्या वेळी केंद्राहून आलो. दोन्ही डबे टेबलावर शेजारी शेजारी होते. भावोजी संडासात गेले. ताई ओट्यापाशी माझ्याकडे पाठ करून चहा टाकत होती आणि शेजारणीच्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होती. मी दोन्ही झाकणं उघडली. त्यांच्या पुड्या माझ्या डब्यात, माझ्या त्यांच्या डब्यात. हात सवयीचे, पुडीला पुडी लागल्याचाही आवाज होऊ दिला नाही. मधेच ताई म्हणाली, "ऐकतोयस ना?" मी म्हणालो, "हं." ज्या अडलेल्या पोटानं मला संशय दिला, त्यानंच मला वीस मिनिटं दिली. चार मिनिटांत माझं काम झालं होतं. उरलेली सोळा मिनिटं मी त्या डब्यांसमोर हात मांडीवर ठेवून बसलो होतो. झाकणं पुन्हा उघडावीत असं त्या सोळा मिनिटांत एकदाही वाटलं नाही. आठवतं तेव्हा मला त्या चार मिनिटांपेक्षा या सोळा मिनिटांची जास्त लाज वाटते.

पंधरवड्यात भावोजींचा फोन आला. "सुटलो रे बाबा! लिफ्ट चालू झाली!" आणि माझी बंद पडली. बायको म्हणाली, तुम्हाला पण भावोजींचंच लागलं का? मी संडासात बसून राहायचो, पोटात कळ यायची आणि त्या कळेनं मला बरं वाटायचं. औषध लागू पडतंय, मी जगणार आहे. दुसऱ्याच्या जिवावर जगतोय हे तेव्हा मनात आलंच नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. यायचं. आलं की मी म्हणायचो, अजून सिद्ध कुठे झालंय औषध? त्यासाठीच तर तपासतायत. पुढे भावोजींचं पोट साफ झालं तरी संडासात वर्तमानपत्र वाचायची सवय राहिलीच, त्यामुळे माझीही सोय राहिली. तीन वर्षं. दर दोन महिन्यांनी. ताई त्यांना म्हणायची, "बघा, औषध अंगी लागलं शेवटी. सुरुवातीला त्रास देतं ते." आणि चमचा पुढे करायची. भावोजी तळाची रेती खरवडून खायचे. माझी रेती. मी समोर बसून चहा प्यायचो.

एका सकाळी एका इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि भावोजी पाचव्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसले. लोकांना वाटलं दम खातायत. पिशवी मांडीवर तशीच होती. त्रेपन्न वर्षांचे होते. शेवटचा डबा घेऊन आम्ही परतलो त्याला सहा दिवस झाले होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ताई एकच सांगायची, "औषध एक दिवस चुकवलं नाही हो. तळाचंसुद्धा सोडलं नाही." आणि दर वेळी माझ्याकडे बघायची, "याला विचारा." मी मान हलवायचो. पिशवीवालीनं आपल्या वहीत काहीतरी टिपलं असणार, डॉक्टरांनी तो मृत्यू कुठल्या तरी रकान्यात घातला असणार, आणि तो रकाना चुकीचा होता हे साऱ्या जगात मला एकट्याला ठाऊक होतं. मी केंद्रात जात राहिलो. आता अदलाबदल करायला कुणी उरलं नव्हतं. माझं पोट आपोआप सुरळीत झालं. तेव्हाच खरं तर पाकीट फोडायची गरज उरली नव्हती.

तरी ताईच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, मी माझं पाकीट फोडलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी सतरंजी झटकत होतं, धूळ उन्हात तरंगत खाली येत होती. सुरुवातीला आभार होते. मग निकाल: औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका येणारे कमी निघाले, फरक लहान आहे, पण खरा आहे. मग माझा नंबर, आणि पुढे दोन शब्द. खोटी पूड. मी कठड्याला धरून उभा राहिलो. अजून एक शक्यता शिल्लक होती. भावोजींचीही खोटी असू दे, मी म्हणालो, मोठ्यानं म्हणालो असेन, कारण सतरंजी झटकायचा आवाज थांबला. मेलेल्या माणसाला खरं औषध मिळालेलं नसू दे, अशी प्रार्थना मी त्याच्याच जिन्यात उभा राहून करत होतो. मग वर चढलो.

ताईनं दार उघडलं. भावोजी गेल्यापासून दीड वर्षात ती वाळलीय, पण घर अजून लख्ख. पाकीट टेबलावर मधोमध ठेवलं होतं, तेच टेबल. "तू वाच," म्हणाली. "मोठ्यानं वाच." मी वाचलं. तेच आभार, तोच लहान पण खरा फरक. मग भावोजींचा नंबर, आणि मग मी थांबलो. "काय लिहिलंय?" ताई म्हणाली. "सांग ना. खोटं होतं का?" तिचा चेहरा मला दिसत होता. तिला काय हवंय ते मला कळत नव्हतं. "खरं औषध," मी वाचलं.

ती खुर्चीवर बसली आणि रडायला लागली, पण वाईट वाटून रडल्यासारखी नाही. "देवा रे," म्हणाली. "दीड वर्ष मला घोर लागला होता. वाटायचं, मी चमच्यानं त्या माणसाला नुसती रेती तर नाही ना चारली? चार वर्षं? तळाचं खा, तळाचं खा करून?" तिनं डोळे पुसले. "खरं होतं. मग आपण काही कमी केलं नाही. होणारं कुणाला चुकत नाही, पण आपण कमी नाही केलं. हो ना रे?" मी हो म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं, "आणि तुझं? खरंच नाही आलं?" मी खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. ती फोडलेल्या कडेकडे बघत राहिली. "मघाशी नाही म्हणालास ते?" मी पाकीट तिच्याकडे सरकवलं. तिनंच कागद काढून वाचला, आणि तिचा चेहरा इतका मऊ झाला की मला तिथून उठून पळावंसं वाटलं. "खोटं मिळालं म्हणून सांगवेना होय? वेड्या! त्यात कसली लाज? तुझा काय दोष?"

ताई, मी म्हणालो, मला तुला एक सांगायचंय. "थांब, आधी मला सांगू दे," ती म्हणाली. "नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही." आणि ती आत जाऊन एक डबा घेऊन आली. भावोजींच्या नंबराचा, शेवटचा, जवळजवळ भरलेला. "ती नर्सबाई परत मागायला आली होती. मी म्हणाले, सापडत नाही. कपाटात कपड्यांखाली होता. ह्यांच्या हातची वस्तू, देववेना. पण ती बिचारी दोनदा आली रे, उन्हातान्हाची, आणि दोन्ही वेळा मी तिच्या तोंडावर खोटं बोलले. आजवर कुणाला फसवलं नाही मी. रात्री आठवलं की अंगावर काटा येतो. पाप लागेल का रे मला? तू तर खरं-खोटं तपासणारा माणूस. तू सांग." ती खरोखर माझ्या उत्तराची वाट बघत होती. तिचे हात डब्यावर होते. आणि मी, दर दोन महिन्यांनी याच टेबलावर याच डब्याचं झाकण उघडणारा मी, तिला म्हणालो, "नाही ताई. एवढ्याशानं काही पाप लागत नाही." माझ्या आवाजात अधिकार होता. दुकानदारांशी बोलताना असतो तोच.

तिला हलकं वाटलेलं मला दिसलं. ती उठली. "मग हे तूच घे. तुला इतकी वर्षं खोटं दिलं मेल्यांनी. हे खरं आहे, वर कागदावर लिहिलंय. ह्यांना नाही उपयोग झाला, तुला होऊ दे. बाबांचं वय तू ओलांडलंस, तरी माझा जीव तुझ्यात अडकलेला असतो." औषध जुनं झालं असेल, मी म्हणालो. "पूड ती, तिला काय होतंय?" तिनं पेल्यात पाणी घेतलं, पुडी फाडली. पूड पाण्यात पांढरी फिरली आणि खाली बसायला लागली. मी बघत होतो. माझी पूड. मीच त्या डब्यात घातलेली. आता सांगायचं, मी मनात म्हणालो, आता नाही तर कधीच नाही. सांगितलं तर तिला कळणार होतं की तिनं खरोखरच त्या माणसाला तीन वर्षं चमच्यानं रेती चारली. तिच्यासाठी गप्प बसतोय असं मी स्वतःला सांगितलं, आणि त्यावर माझा क्षणभरही विश्वास बसला नाही. मी माझ्यासाठी गप्प होतो. तिच्या डोळ्यांत मी अजून तिचा धाकटा भाऊ होतो, आणि ते मला सोडवत नव्हतं.

"तुला काय सांगायचं होतं मघाशी?" तिनं पेला पुढे करत विचारलं. काही नाही, मी म्हणालो. पेला घेतला. वरचं पाणी प्यालो, दातांत कचकच आली, पेला खाली ठेवला. ताईनं चमचा पुढे केला. "रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की इथं यायचं आणि माझ्यासमोर घ्यायचं. घरी नेलंस तर टाळशील, तुझा भरवसा नाही." डब्यात बघून तिनं अंदाज घेतला. "एक पुडी रोज धरली तरी चारेक महिने पुरेल." बरं, मी म्हणालो. पेला तिरका धरला आणि तळाची रेती चमच्यानं खरवडून खायला लागलो. ताई समोर बसून बघत होती, पेला पुरता रिकामा होईपर्यंत.